अण्णांच्या यादीतून सुटलेले बारा

नव्वदचं दशक संपायला तीनेक वर्षं उरली असताना मी नागपूरहून बंगळूरला नोकरीसाठी आले. कंपनी लहान होती. तिसऱ्या मजल्यावर ऑफिस, खाली टायरचं दुकान. रबराचा वास जिन्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत सोबत यायचा. आम्ही चाळीसेक माणसं होतो आणि बहुतेकांचं वय पंचविशीच्या आसपास. काम एकाच प्रकारचं. परदेशातल्या कंपन्यांच्या जुन्या प्रोग्रामांमध्ये वर्ष दोन आकड्यांत लिहिलेलं असायचं. दोन हजार साल यायच्या आत ते चार आकड्यांत बसवून द्यायचं.

बँकांची खोलीभर पसरलेली मशीन्स आमच्या वाट्याला आली नव्हती. आमची गिऱ्हाइकं म्हणजे मधल्या आकाराचे धंदेवाले. फ्रिजएवढं एक काळं मशीन, आणि त्याच्यावर सगळा कारभार: ऑर्डर, गोदाम, माल पाठवणं. या मशीन्सना आमच्या धंद्यात मिडरेंज म्हणत. वीस-वीस वर्षं वेगवेगळ्या माणसांनी त्यांच्यावर प्रोग्राम लिहिलेले असायचे. त्यातले काही नोकरी सोडून गेलेले, काही जगातूनच गेलेले. त्यामुळे वर्ष बदलणं हे काम सोपं होतं. वर्ष कुठे कुठे आहे ते शोधणं अवघड होतं.

त्यासाठी क्रॉस-रेफरन्स टूल लागायचं. हजारो प्रोग्राम त्याच्या हवाली केले की ते एक तक्ता देतं: कोणत्या प्रोग्रामात कोणती फाइल उघडली जाते, फाइलमधला कोणता रकाना कुठे वापरला आहे, आणि कोणता प्रोग्राम कोणाला बोलावतो. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तसंच काहीसं. एखादा शब्द सूचीतून सुटला तर वाचकाचं फार बिघडत नाही. इथे रकाना सुटला तर तो जुन्याच वर्षासह पुढच्या शतकात जाणार होता.

आमच्या ऑफिसात असं एक टूल घरचंच होतं. त्याला सगळे 'अण्णांची यादी' म्हणायचे. ते लिहिणाऱ्या गृहस्थांनाही सगळे अण्णाच म्हणत, अगदी मॅनेजरसुद्धा. अण्णा पंचेचाळिशी ओलांडलेले होते. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन स्थायिक झालेलं. बंगळुरातल्याच शिवाजीनगरात त्यांच्या थोरल्या भावाचं कपडे शिवायचं दुकान होतं. स्वतः अण्णांनी पंधरा वर्षं होसकोट्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर रूम सांभाळली होती. ते मराठी बोलायचे ते ऐकताना पहिल्या आठवड्यात मला मधूनमधून थांबावं लागायचं. 'स्वल्प थांबा', 'सरी, बघू या', 'तसं बेडा' असे कानडी शब्द त्यात सहज येऊन बसायचे; स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं, बेडा म्हणजे नको. माझी मराठीही त्यांना चमत्कारिक वाटत असणार, कारण माझ्या प्रत्येक वाक्यात निम्मं इंग्रजी होतं. ते मात्र कधी काही बोलले नाहीत.

मला नोकरीला लागून चारेक महिने झाले असतील तेव्हा मॅनेजरनी बोलावलं. ते लखनौकडचे, आमच्याशी हिंदीत बोलायचे. एक मोठं काम येऊ घातलं होतं. इंग्लंडमधली एक कंपनी, शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग विकणारी. तिच्या प्रोग्रामांचा पसारा अण्णांच्या यादीने आजवर पाहिला होता त्याच्या कितीतरी पट होता. बाजारातली दोन टूल्स महिनाभर वापरून बघायला मागवली होती. एक अमेरिकन आणि महागडं, दुसरं त्यामानाने साधं.

"तिन्हींची तुलना करा," ते म्हणाले. "तुम्ही नवीन आहात, कोणाच्या बाजूच्या नाही. म्हणून तुम्हाला देतोय."

मी उठले तेव्हा ते पुढे म्हणाले, "तशी आपली यादी चांगलीच आहे. तेच निघेल म्हणा."

गिऱ्हाइकाच्या कामातला ऑर्डर घेण्याचा भाग मी नमुन्यादाखल निवडला. सुमारे दोनशे प्रोग्राम होते. तिन्ही टूल्स त्यांच्यावर चालवली. दोन दिवसांत माझ्या टेबलावर तीन तक्ते पडले, तिन्ही वेगळे. महागड्या टूलने तारखेच्या जागा सगळ्यांत जास्त दाखवल्या, म्हणून ते सगळ्यांत चांगलं, असं मी वहीत लिहूनही टाकलं. अण्णा पाणी प्यायला जाता जाता थांबले आणि त्यांनी ते वाचलं.

"जास्त दाखवलं म्हणजे बरोबर दाखवलं काय?" त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता.

"मग बरोबर किती, हे कसं कळणार?"

"प्रोग्राम वाचून."

दोनशे प्रोग्राम. मी हसले, ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी सगळे छापून घेतले. रुंद, हिरव्या पट्ट्यांच्या कागदाचा ढीग माझ्या गुडघ्यापर्यंत आला. रोज सकाळी एकटीनं वाचायला बसायचं आणि प्रत्येक तारीख कुठून येते, कुठे जाते ते पेन्सिलीनं लिहायचं, असं ठरवलं. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर अण्णा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले. खिशात भावाच्या दुकानातली टाचण्यांची डबी होती. शंका असलेल्या पानाला ते टाचणी लावायचे आणि पुढे जायचे. संध्याकाळी मी टाचण्यांची पानं पुन्हा वाचायची.

मला ते थोडं अवघड वाटत होतं. ज्यांच्या टूलची परीक्षा घ्यायची त्यांनाच उत्तरपत्रिका तयार करायला बसवायचं, हे नीट दिसणार नाही. मी तसं बोलून दाखवलं.

"तुम्हाला नको असेल तर उठतो," ते म्हणाले. "पण ही भाषा मी अठरा वर्षं वाचतोय. तुम्हाला चार महिने झालेत."

मी त्यांना उठू दिलं नाही.

दोन आठवडे आम्ही वाचत होतो. त्या दोन आठवड्यांत मला जे शिकायला मिळालं ते नंतरच्या कुठल्या वर्गात मिळालं नाही. अण्णा पान वाचायचे ते खालून वर. शेवटी काय छापलं जातं ते आधी बघायचं आणि मग ते कुठून आलं त्याचा माग काढत मागे जायचं. लिहिणाऱ्याचं वळण त्यांना ओळखू यायचं. "हा माणूस घाईतला," किंवा "हे बाईनं लिहिलंय, बघा, प्रत्येक ठिकाणी कारण लिहिलंय." ते खरं की खोटं हे तपासायचा मार्ग नव्हता, पण पुढेपुढे मलाही एकाच हाताचे प्रोग्राम ओळखू येऊ लागले.

दुसऱ्या आठवड्यात अण्णांच्या यादीतली उणीव दिसायला लागली. त्यांचं टूल रकान्याच्या नावावरून शोधायचं. पण त्या कंपनीत कोणीतरी जुन्या काळी ऑर्डरचा एक लांबलचक क्रमांक केला होता आणि त्याच्या शेवटच्या सहा जागांमध्ये तारीख कोंबून ठेवली होती. त्या तुकड्याला प्रत्येक प्रोग्रामात वेगळं नाव, काही ठिकाणी नावच नाही. नुसतं 'पंचविसाव्या जागेपासून तिसाव्या जागेपर्यंत'. अमेरिकन टूल जागा मोजायचं, म्हणून त्याला ते दिसलं. अण्णांच्या यादीला दिसलं नाही.

अण्णांनी त्या पानाला टाचणी लावली आणि पान उलटलं.

साध्या टूलचं वेगळंच. ते प्रोग्रामचा लिहिलेला मजकूर वाचायचंच नाही. मशीनवर प्रत्यक्ष चालणारा, तयार झालेला प्रोग्राम तपासायचं. रकान्यांच्या खोलात ते जात नव्हतं. पण सात प्रोग्राम असे आहेत की ज्यांचा आपल्याजवळचा मजकूर आणि मशीनवर चालणारं रूप जुळत नाही, हे त्याने एकट्याने सांगितलं. म्हणजे ते सात कितीही मन लावून वाचले तरी आपण भलतंच वाचत होतो. हे कळलं त्या दिवशी मी लवकर घरी गेले.

आणि एक प्रोग्राम तिन्हींना सापडला नाही. म्हणजे तो होता, पण त्याला कोणीही बोलावत नाही असं तिन्ही तक्ते सांगत होते. मी त्याच्यापुढे 'वापरात नाही' असं लिहिलं. गिऱ्हाइकाच्या मशीनवर दुपारनंतर आम्हाला एक लाइन मिळायची. इंग्लंडात तेव्हा सकाळ असायची. अण्णांनी त्या लाइनवर जाऊन त्या प्रोग्रामची माहिती उघडली आणि मला हाक मारली. शेवटचा वापर: आदला दिवस.

"कोणी बोलावत नाही, तरी रोज येतो," अण्णा म्हणाले. "पाव्हणा कोणाचा ते बघितलं पाहिजे."

त्याला दीड दिवस लागला. एका छोट्या फाइलमध्ये प्रत्येक देशासमोर एकेका प्रोग्रामचं नाव लिहून ठेवलेलं होतं. ऑर्डर ज्या देशाची, त्याप्रमाणे नाव उचललं जायचं आणि त्या नावाचा प्रोग्राम बोलावला जायचा. प्रोग्रामच्या मजकुरात ते नाव कुठेच नव्हतं, त्यामुळे कोणत्याही टूलला ते दिसणं शक्य नव्हतं. मी वहीतली 'वापरात नाही' ही ओळ खोडली. हा प्रोग्राम आयर्लंडचा होता, बाकीच्या देशांचे आमच्या नमुन्याबाहेर होते. तो मी काढून टाकायला सांगितला असता तर आयर्लंडच्या सगळ्या ऑर्डरी अडकल्या असत्या.

अहवाल लिहायची वेळ आली. मी आधी तो मनातल्या मनात तीन-चार प्रकारे लिहून पाहिला. अण्णांचं टूल तारखेच्या बाबतीत कमी पडतं, हे लिहायचं होतं. ते कसं लिहावं कळत नव्हतं. ऑफिसात त्यांची जी काही पत होती ती त्या यादीमुळे होती. पंचविशीतल्या पोरांच्या मध्ये त्यांना एरवी कोणी काही विचारायला जात नसे. आणि मॅनेजरना काय हवं होतं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आमचं स्वतःचं टूल आहे, हे त्यांनी गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवलं होतं.

शेवटी मी तक्ता जसा होता तसा टाकला. अण्णांच्या यादीतून सुटलेले प्रोग्राम: नऊ. द्यायच्या आधी अण्णांना दाखवावा असं वाटलं, म्हणून प्रिंट घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मी उभीच होते.

"नऊ नाहीत," ते म्हणाले. "बारा आहेत."

"बारा?"

"तीन काल मला सापडले. तुम्ही गेल्यावर परत वाचत होतो." त्यांनी ड्रॉवरमधून एक चिठ्ठी काढून दिली. तीन प्रोग्रामची नावं आणि पुढे ओळींचे आकडे, त्यांच्या बारीक अक्षरात. "आणि हे उदाहरण वर घ्या. जागा मोजायचं. ते वाचल्याशिवाय बाकीचं समजत नाही."

मी नऊचे बारा केले आणि अहवाल मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. त्यांनी मला दुपारी बोलावलं. ते ओरडणारे नव्हते.

"तुम्हाला आपल्याच टूलच्या चुका मोजायला कोणी सांगितलं?"

"तुलना करायला सांगितलं होतं, सर."

"तुलना दोन दुकानांची असते," ते म्हणाले. "घराची नसते." मग अहवाल त्यांनी फाइलमध्ये ठेवून दिला.

पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकाबरोबर फोनवर बैठक ठरली. मधल्या टेबलावर स्पीकरचा फोन, भोवती मॅनेजर, अण्णा आणि मी. पलीकडे एक इंग्रज बाई होत्या. त्यांच्या कंपनीत त्या फार वर्षांपासून होत्या आणि आम्ही वाचलेल्या प्रोग्रामांपैकी पुष्कळसे त्यांनीच लिहिले होते, हे बोलण्यातून कळलं. मॅनेजरनी त्यांना पाठवलेला अहवाल माझाच होता, पण दोन पानांचा झाला होता. बाराचा तक्ता त्यात नव्हता. आमच्याकडे स्वतःचं, पारखलेलं टूल आहे एवढं होतं. हे मला त्या खोलीत, समोरचा कागद उचलून पाहिल्यावर समजलं.

त्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "ऑर्डरच्या क्रमांकाच्या शेवटच्या सहा जागांत मी एकदा तारीख ठेवली होती. चूक होती ती माझी. तुमच्या टूलला ती दिसते का?"

उत्तर मला माहीत होतं, मीच ते लिहिलं होतं. मी मॅनेजरकडे पाहिलं. ते कागदाकडे पाहत होते.

"नाही, दिसत नाही," अण्णा इंग्रजीत म्हणाले. त्यांचं इंग्रजी सावकाश असायचं. "ते टूल मी लिहिलंय. ते नावावरून शोधतं. दोनशे प्रोग्रामांपैकी बारा त्यातून सुटले. अमेरिकन टूलला ते बाराही दिसतात. पण देशांच्या फाइलमधून बोलावले जाणारे प्रोग्राम त्यालाही दिसत नाहीत, ते हातानं करावे लागतील."

पलीकडून बाई म्हणाल्या, "ती देशांची फाइल तुम्हाला सापडली?" पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात काहीतरी हललं. मग त्या बराच वेळ अण्णांशीच बोलत राहिल्या. ते सात न जुळणारे प्रोग्राम कोणते, हेही त्यांनी विचारून लिहून घेतलं.

काम आम्हाला मिळालं. अमेरिकन टूल त्यांच्या कंपनीने स्वतः घेऊन दिलं. हाताने करायच्या यादीसाठी अण्णा असावेत, असं बाईंनी पत्रात लिहिलं होतं, असं मला नंतर कळलं. तसं झालं नाही. अण्णांना नव्या मुलांना शिकवायच्या कामावर घातलं. खालच्या मजल्यावर एक खोली घेतली होती, तिथे. त्यांच्यावर कोणी रागावलं नाही की त्यांना काही सुनावलं नाही. पूर्वी बाहेरचे पाहुणे आले की त्यांना अण्णांची यादी दाखवायला नेत. ते बंद झालं, इतकंच. गटाची प्रमुख मला केलं.

मी मॅनेजरना एकदा विचारलं की अण्णांना इकडे घेता येईल का. ते म्हणाले, शिकवण्याचं काम महत्त्वाचं आहे. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आज वाटतं. तेव्हा फारसं वाटलं नव्हतं. हाताखाली नऊ माणसं होती, कामाचा रेटा होता, आणि जिना उतरून खालच्या खोलीत जायला दिवसभर सवड व्हायची नाही. देशांच्या फाइलमधून बोलावले जाणारे प्रोग्राम आम्ही चौघांनी मिळून वाचले, खालून वर. पुढे चाचणीसाठी मशीनची तारीख दोन हजार सालावर नेऊन ठेवली तेव्हा सगळं चाललं. एका गोदामाच्या अहवालात माल शंभर वर्षांपूर्वी आला असं छापलं गेलं, तेवढं दुरुस्त केलं.

त्याच्या आधीच अण्णा नोकरी सोडून गेले होते. निरोपाला केक होता. त्यांनी सुरीनं एक तुकडा कापला, सगळ्यांना हात जोडले आणि नेहमीच्या बसने गेले.

काही महिन्यांनी मी शिवाजीनगरला ब्लाउजचं कापड घ्यायला गेले होते. त्यांच्या भावाचं दुकान तिथेच कुठेतरी असल्याचं आठवलं, आणि दोन ठिकाणी विचारून सापडलं. रविवार होता. अण्णा बाहेरच्या बाकावर बसून काजे करत होते. मला बघून त्यांनी काम बाजूला ठेवलं आणि आतून खुर्ची मागवली.

आनेकलजवळच्या एका कारखान्यात त्यांना काम मिळालं होतं. जुनं मशीन, एकटेच सांभाळणारे. बसला दीड तास लागतो, पण बसायला जागा मिळते, म्हणाले. जेवण कारखान्यात. मुलीची परीक्षा झाली होती. त्यांनी त्या सात प्रोग्रामांचं पुढे काय झालं ते विचारलं. पाचांचा खरा मजकूर त्या बाईंच्या जुन्या टेपवर सापडला, दोन नव्याने लिहिले, असं मी सांगितलं. त्यांना ते आवडलेलं दिसलं.

मला जे सांगायचं होतं ते मी शेवटी सांगितलं. "त्या दिवशी फोनवर मी बोलायला हवं होतं, अण्णा."

त्यांनी कापडावरचा दोरा उचलून टाकला. "तुम्ही लिहिलं होतं की," ते म्हणाले. "बोलायचं काम माझं होतं. टूल माझं होतं."

"तरीपण."

"सरी," ते म्हणाले. मान्य आहे, की पुरे झालं, ते त्या शब्दावरून मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

आनेकलच्या मशीनवर कुठलं टूल लावलं, असं मी विषय बदलायला विचारलं.

"दीडशेच प्रोग्राम आहेत," अण्णा म्हणाले. "वाचून झाले."

भावाने आतून कॉफी पाठवली. ती पिऊन होईपर्यंत आम्ही बसच्या वेळांबद्दल बोललो. मग मी माप देऊन निघाले. ब्लाउज पुढच्या रविवारी मिळणार होते.